मतपेटी जाळणारी क्रांती कुणाची?

१७ मे १९८०. पेरू देशातल्या आयाकुचो भागातील चुस्ची हे गाव. बारा वर्षांच्या लष्करी राजवटीनंतर दुसऱ्या दिवशी सार्वत्रिक निवडणूक होती. त्याच सुमारास 'सेंदेरो लुमिनोसो' म्हणजे 'चमकता मार्ग' या माओवादी संघटनेच्या लोकांनी गावातल्या मतपेट्या जाळल्या. त्यांच्या सशस्त्र लढ्याची ही सुरुवात होती.

मित्रांनो, त्या पेट्यांत कुणाची मते पडणार होती? पेरूमध्ये तोवर निरक्षरांना मताधिकार नव्हता. निरक्षर म्हणजे मुख्यतः डोंगरातले क्वेचुआ भाषक शेतकरी, त्यातही स्त्रिया. १९७९ च्या राज्यघटनेने त्यांना मत दिले आणि ही त्यांची पहिलीच निवडणूक होती. ज्यांच्या नावाने क्रांती, त्यांचेच पहिले मत क्रांतिकारकांनी पेटवले! संघटनेचा प्रमुख आबिमाएल गुझमान हा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता, हेही लक्षात ठेवा.

पेट्यांनंतर माणसांची पाळी आली. गावोगावचे महापौर, नगरसेवक, शेतकरी पुढारी यांना 'राजीनामा द्या, नाहीतर मरा' अशा धमक्या आल्या. न ऐकणाऱ्यांना 'लोकन्यायालया'त उभे करून ठार मारले गेले. अनेक ठिकाणी निवडणुकीला उमेदवार मिळेनात. ३ एप्रिल १९८३ रोजी लुकानामार्का परिसरात संघटनेने ६९ शेतकरी मारले. त्यांत लहान मुलेही होती.

मारिया एलेना मोयानो ही लिमाजवळच्या व्हिया एल साल्वादोर या गरीब वस्तीतली कृष्णवर्णीय कार्यकर्ती. तिने बायकांची संघटना बांधली, मुलांसाठी दुधाची योजना चालवली आणि पुढे ती उपमहापौर झाली. फेब्रुवारी १९९२ मध्ये संघटनेने सशस्त्र बंद पुकारला, तेव्हा तिने शांतता मोर्चा काढला. दुसऱ्याच दिवशी, १५ फेब्रुवारीला, तिला गोळ्या घातल्या आणि मृतदेह सुरुंगाने उडवला. तिचे वय ३३ होते. तिच्याकडे ना जमीन होती, ना कारखाना. मग ती 'वर्गशत्रू' कशी? आमच्या मते तिचा गुन्हा एकच होता: गरिबांनी तिला स्वतः निवडले होते.

२००३ मध्ये पेरूच्या सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला. अंदाजे ६९ हजार बळी. नोंदलेल्या मृत्यूंपैकी ५४ टक्के या संघटनेच्या नावावर. बळींपैकी ७५ टक्क्यांची मातृभाषा क्वेचुआ किंवा दुसरी मूलनिवासी भाषा. लष्करानेही याच गरिबांची कत्तल केली. १९८५ चे आकोमार्का हे त्याचे उदाहरण. दोन्हीकडच्या बंदुकांपुढे माणूस एकच होता. सरकारी अत्याचारावर आम्ही पांघरूण घालणार नाही. पण त्याचे बोट दाखवून दुसरी बंदूक पवित्र ठरवणेही आम्हाला मान्य नाही.

बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, सनदशीर मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्ग सोडा, असे बजावले. हा भित्रेपणा नव्हता. हिंसेत आधी कोण मरतो, हे त्यांना ठाऊक होते. २०१८ मध्ये आंध्रातील अराकू या राखीव मतदारसंघाचे आदिवासी आमदार किडारी सर्वेश्वर राव यांना माओवाद्यांनी मारले, तेव्हाही मारला गेला तो आदिवासींचाच प्रतिनिधी.

प्रतिनिधी नालायक असेल तर त्याला जाब विचारा, पुढच्या निवडणुकीत पाडा. पण त्याला पाडण्याचा हक्क मतदाराचा आहे. तो हक्क आम्ही कुठल्याही प्राध्यापकाच्या बंदुकीला देणार नाही.

जय भीम!