रिचमंडमधील युद्धकैदी
अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेच्या संघराज्याची राजधानी असलेल्या रिचमंड (व्हर्जिनिया) शहरात ठेवलेले उत्तरेचे सैनिक. अधिकाऱ्यांना जेम्स नदीकाठच्या लिबी तुरुंगात कोंडले जाई. ही मुळात विटांची तीन मजली वखार. खिडक्यांना गज होते, तावदाने नव्हती. हिवाळ्यात बोचरा वारा थेट आत येई आणि खिडकीशी उभ्या राहणाऱ्यावर पहारेकरी गोळी झाडत. साध्या शिपायांची स्थिती त्याहून वाईट होती. नदीतल्या बेल बेटावर त्यांना तंबूंत, तंबू अपुरे पडल्यावर उघड्यावरच राहावे लागे.

१८६२ च्या करारानुसार कैद्यांची अदलाबदल होई. कृष्णवर्णीय सैनिकांना युद्धकैदी मानण्यास दक्षिणेने नकार दिल्याने १८६३ मध्ये ती मोडली आणि तुरुंग तुडुंब भरले. शहरातही अन्नटंचाई होती. एप्रिल १८६३ मध्ये तेथे भाकरीसाठी दंगल झाली. तरीही कैद्यांच्या हालांचा सारा दोष टंचाईवर ढकलता येत नाही.

कर्नल टॉमस रोझ यांच्या नेतृत्वाखाली लिबीतील कैद्यांनी तेथील उंदरांनी भरलेल्या तळघरातून सुमारे ५० फुटी भुयार खणले. माती थुंकदाणीत भरून दोरीने ओढून काढली. ९ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री १०९ अधिकारी निसटले. ५९ स्वपक्षापर्यंत पोहोचले, ४८ पुन्हा पकडले गेले, दोघे बुडाले. त्याच महिन्यापासून शिपायांना जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथे हलवू लागले; तेथे सुमारे १३,००० कैदी मरण पावले. ३ एप्रिल १८६५ रोजी रिचमंड उत्तरेच्या ताब्यात आले.