झेडच्या वर्गाची कुळकथा

उणे १३.६ ला अणुक्रमांकाच्या, म्हणजे झेडच्या वर्गाने गुणा, पातळीच्या क्रमांकाच्या, म्हणजे एनच्या वर्गाने भागा. एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या कुठल्याही आयनाची ऊर्जापातळी इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये हाती येते. अकरावीची मुलं हे सूत्र घोकतात. त्यातला झेडचा वर्ग एका ताऱ्याच्या प्रकाशावरून कसोटीला लागला, हे त्यांना सांगितलं जात नाही, याची मला हळहळ वाटते.

फेब्रुवारीत रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला तोंड केलं, की अगस्त्याच्या डावीकडे, बराच वर झीटा पपिस हा तारा दिसतो. १८९६ मध्ये हार्वर्डच्या एडवर्ड पिकरिंगला त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषांच्या अधेमधे अनोळखी रेषा आढळल्या. बाल्मरच्या सूत्रात ३, ४, ५ घातले की हायड्रोजनच्या रेषा मिळत. या रेषांसाठी साडेतीन, साडेचार घालावे लागत. तरी त्या हायड्रोजनच्याच मानल्या गेल्या. १९१२ मध्ये लंडनला आल्फ्रेड फाउलरने हायड्रोजन-हेलियमच्या मिश्रणातून वीज सोडून त्या मिळवल्या.

१९१३ मध्ये नील्स बोरने सांगितलं, या रेषा एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. केंद्रकाचा भार दुप्पट, म्हणून ओढ जास्त. शिवाय कक्षा निम्मी. दोन्ही मिळून ऊर्जा चौपट: पहिली पातळी उणे ५४.४. आता चौथी काढू. ५४.४ भागिले १६, म्हणजे ३.४, थेट हायड्रोजनच्या दुसऱ्या पातळीइतकी! सहावी हायड्रोजनच्या तिसरीशी जुळते, आठवी चौथीशी. मधल्या सातवीला हायड्रोजनमध्ये जोडीदारच नाही. तीच ती साडेतीन. इतकं साधं, इतकं देखणं उत्तर विज्ञानात क्वचित सापडतं.

मँचेस्टरला रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत इव्हान्सने हेलियममधून या रेषा मिळवल्या. फाउलर मात्र अडून बसला, आणि त्याचा आक्षेप रास्त होता: मोजमापांतून हेलियम आणि हायड्रोजनच्या ऊर्जांचं गुणोत्तर ४ नव्हे, ४.००१६ येत होतं. बोरने उत्तर दिलं, केंद्रक स्थिर नसतं, इलेक्ट्रॉनबरोबर तेही किंचित हलतं. हेलियमचं केंद्रक सुमारे चौपट जड, म्हणून कमी हलतं. ही दुरुस्ती धरून त्याचं गुणोत्तर आलं ४.००१६३. फाउलरने ते मान्य केलं.

पुढे १९२६ मध्ये श्रोडिंगरच्या समीकरणाने बोरच्या कक्षा मोडीत काढल्या. ऊर्जेचं सूत्र मात्र त्यातूनही तेच निघालं, झेडच्या वर्गासकट.