जनाबाईंची गोवरी कोणाची साक्ष देते? (थ्रेड)

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. त्यांच्याविषयी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक कथा अशी : कीर्ती ऐकून कबीर त्यांच्या भेटीस पंढरपुरास आले, तर समोर दोन बायका गोवऱ्यांवरून कडाक्याने भांडत होत्या. त्यांतली एक जनाबाई. गोवऱ्या तर सगळ्या सारख्याच. निवाडा करायचा कसा? जनाबाई म्हणाल्या, एकेक गोवरी कानाला लावा; जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल ती माझी.

कालगणनेच्या कसोटीवर कथा टिकत नाही. परंपरेनुसार जनाबाईंचे निधन १३५० मधले आणि कबीर पंधराव्या शतकातले. पण न घडलेली गोष्टही इतिहासाचे साधन असते. ती सांगणारा समाज शेणाकडे, दगडाकडे आणि माणसाकडे कसा पाहत होता, हे तिच्यातून कळते.

आता थोडे दूर जाऊ. राजकीय सिद्धान्ताच्या पदव्युत्तर चर्चासत्रांत अलीकडे ‘नवभौतिकवाद’ अभ्यासला जातो. जेन बेनेट या अमेरिकी अभ्यासिकेचे ‘व्हायब्रंट मॅटर’ (२०१०) हे त्यातले बहुचर्चित पुस्तक. बाल्टिमोरमधील एका गटाराच्या तोंडाशी पडलेला हातमोजा, परागकणांचा थर, मेलेला उंदीर, बाटलीचे झाकण आणि काठी यांच्यापासून त्यांचे विवेचन सुरू होते. म्हणणे असे की, वस्तू ही माणसाच्या हातातील निमूट साधने नव्हेत. घटना घडवण्यात त्यांचाही वाटा असतो. २००३ साली उत्तर अमेरिकेत वीज गेली, तेव्हा ‘गुन्हेगार’ कोणी एक नव्हता; तारा, झाडे, कंपन्या आणि नियम यांनी मिळून तो अंधार घडवला. मार्क्सच्या भौतिकवादाचा भर मानवी श्रमावर होता. येथे वस्तूच पुढे येते.

‘हे तर आमच्या संतांनी सातशे वर्षांपूर्वीच सांगितले’ असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरलेला बरा. कथेतील गोवरी आपणहून बोलत नाही. थापणाऱ्या हातांसोबत जे नाम चालले होते, तेच तिच्यात उतरले आहे. शिवाय हा वाद अध्यात्माचा नाही, मालकीचा आहे! जनाबाई आपल्या अभंगांतून स्वतःला नामदेवांची दासी म्हणवतात, आणि दासी म्हणजे जिच्या श्रमावर हक्क धन्याचा. अशी बाई शेणाच्या गोवरीवर ‘माझी’ म्हणून हक्क सांगते आणि पुरावा म्हणून स्वतःचे श्रम पुढे करते. या कथेत बेनेटपेक्षा मार्क्स जवळचा वाटतो.

जात्याचे मात्र वेगळे आहे. दख्खनचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडला. त्या दगडाचे जड जाते एकटीला ओढवत नाही. समोर दुसरी लागते. जनाबाईंसोबत विठ्ठल दळायला बसतो ही कल्पना भक्तीतून आली हे खरे, पण समोरची ती रिकामी जागा दगडाच्या वजनाने तयार केलेली आहे. ओवीची लयही त्याच्या फेऱ्याशी बांधलेली. दगड गुळगुळीत झाला की दळण नीट होईना. मग टाकी लावणाऱ्यांना बोलावावे लागे. म्हणजे जाते स्वतःभोवती माणसे गोळा करीत होते.

विसाव्या शतकात गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचे ते गाणे थांबत गेले. त्यावर कोणी बंदी घातली नव्हती, कोणता हुकूम निघाला नव्हता. दप्तरखान्यात शोधू जाता एक कागद सापडणार नाही. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या बहुतेक स्त्रियांच्या स्मरणातून. राजवटी बदलूनही जे टिकले ते एका यंत्राने संपवले. येथे नवभौतिकवादाचे म्हणणे मान्य करावेच लागते.

तरीही एक अडचण उरते. दगडालाही कर्तृत्व आहे असे म्हणताना दळणारीचे कष्ट आणि दगडाचे वजन एकाच तराजूत घातले जाते. ज्यांना समाजाने वस्तूसारखे वापरले, त्यांना ‘माणूस आणि वस्तू यांच्यात फार अंतर नाही’ हे ऐकून दिलासा का वाटावा? आणि गिरणी आल्यावर पहाटेची झोप मिळू लागलेल्या बायकांनी जात्यासाठी हळहळावे, ही अपेक्षा तर न दळणाराच करू शकतो.

लग्नघरी हळदीच्या वेळी जाते आजही मांडले जाते, त्याची पूजा होते, चार ओव्या म्हटल्या जातात. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईंचे म्हणून एक जाते दाखवतात. भाविक खुंटा धरून एखादा फेरा देतात आणि दुसऱ्याला जागा करून देतात.