स्टेनलेस स्टीलच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा

स्टेनलेस स्टीलच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा म्हणजे पत्रा, नळी किंवा पात्र यांच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटे व खळगे यांचे प्रमाण होय. तो मायक्रोमीटरमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजतात. या मोजमापावरून तो पृष्ठभाग गंजाला कितपत तोंड देईल याचा अंदाज बांधला जातो.

गंजाशी संबंध

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर पृष्ठभागावर तयार होतो. हा थर ओरखड्याने तुटला तरी ऑक्सिजन मिळताच पुन्हा भरून येतो. खोल, अरुंद खळग्यांत मात्र ओलावा व मीठ साचून राहते आणि ऑक्सिजन कमी पोहोचतो. तेथील द्रावणात क्लोराइड वाढते, ते आम्लधर्मी होते आणि थर पुन्हा बनू शकत नाही. परिणामी तेथे टाचणीच्या टोकाएवढी, पण आत खोलवर जाणारी छिद्रे पडतात. समुद्रकिनारी खरखरीत पॉलिश केलेल्या कठड्यांवर चहाच्या रंगाचे डाग पडतात. मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रतीचे पोलादही त्यातून पूर्णपणे सुटत नाही. घासकामाच्या रेघा उभ्या असल्यास पावसाने मीठ सहज धुऊन जाते, आडव्या असल्यास ते अडकते.

मोजणी

सर्वाधिक वापरले जाणारे उपकरण म्हणजे स्पर्शसुई असलेला प्रोफाइलमापक. सुमारे २ ते ५ मायक्रोमीटर त्रिज्येचे हिऱ्याचे टोक पृष्ठभागावरून सरकवून त्याची वरखाली हालचाल नोंदवली जाते. मध्यरेषेपासूनच्या विचलनांच्या निरपेक्ष मूल्यांची सरासरी म्हणजे ‘आरए’. आरए ०.१ ते २ मायक्रोमीटर असलेल्या पृष्ठभागासाठी सामान्यतः ०.८ मिलिमीटरचे पाच नमुना-भाग, म्हणजे एकूण ४ मिलिमीटर लांबी तपासतात. सुई रेघांना काटकोनात फिरवणे आवश्यक असते. रेघांच्या दिशेने फिरवल्यास मूल्य फसवे, कमी येते.

थंड लाटण केलेल्या ‘२बी’ पत्र्याचा आरए साधारणतः ०.१ ते ०.५ मायक्रोमीटर असतो. बाह्य वास्तुकामासाठी ०.५ मायक्रोमीटरपेक्षा कमी आरए इष्ट मानतात. दूध व अन्नप्रक्रियेच्या यंत्रांत ०.८ मायक्रोमीटर ही प्रचलित कमाल मर्यादा आहे, ती मुख्यतः स्वच्छतेसाठी.

मर्यादा

आरए ही केवळ सरासरी असल्याने सौम्य लाटांचा आणि तीक्ष्ण चिरांचा पृष्ठभाग यांचा आरए एकच येऊ शकतो, पण गंजाच्या दृष्टीने दुसरा कितीतरी वाईट असतो. शिवाय सुईच्या टोकापेक्षा अरुंद चिरेत सुई शिरतच नाही. यांत्रिक पॉलिश करताना दुमडलेल्या धातूखाली घासकणही दबून राहतात. विद्युत-पॉलिशमध्ये धातूचा वरचा थर विरघळून जातो, म्हणून समान आरए असूनही असा पृष्ठभाग सहसा अधिक टिकतो.

मँगनीज सल्फाइडचे अंतर्भूत कण, वेल्डिंगमुळे आलेले रंगाचे पट्टे आणि साध्या पोलादाच्या ब्रशने सोडलेले लोहकण या उपकरणाला दिसत नाहीत, मात्र गंजाची सुरुवात बहुधा तेथेच होते. वेल्डचा भाग आम्लाने स्वच्छ केल्यास पृष्ठभाग किंचित खडबडीत होऊनही त्याचा गंजरोध वाढतो. त्यामुळे खडबडीतपणाच्या मोजणीला फेरिक क्लोराइड द्रावणातील चाचणी, मीठ-फवारा चाचणी किंवा छिद्र पडू लागण्याचे विद्युत विभव मोजणारी चाचणी यांची जोड दिली जाते.