भोसला, भोसले, भृशबल

वेरूळची पाटिलकी भोसल्यांची. या एवढ्याशा वाक्यातच आडनावाची पहिली खूण सापडते. ‘भोसल्यांची’च्या मागे ‘भोसला’ उभा आहे. घोरपडा-घोरपडे, तसे भोसला-भोसले. शेवटचा एकार आदरार्थी अनेकवचनाचा असावा. नाशिकच्या १९३७ सालच्या भोंसला सैनिकी शाळेने ते एकवचन अजून जपले आहे, वर एक अनुस्वारही. हाच अनुस्वार हिंदीवाले आशाताईंच्या आडनावावर हौसेने चढवतात.

पण हा भोसला आला कुठून? कुळकथा मेवाडच्या सिसोदियांकडे नेते आणि भोसाजी नावाचा पूर्वज पुढे करते. संस्कृत पंडितांना नाव जरा रांगडे वाटले असावे. त्यांनी त्याचे ‘भृशबल’ केले. भृश म्हणजे अतिशय, तेव्हा अतिशय बळाचा तो भृशबल! संभाजीराजांच्या ‘बुधभूषणा’त कुळाचे नाव असेच येते. अर्थ मागाहून बसवलेला दिसतो, पण बसवला झोकात.

रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ (२००१) या ग्रंथात दक्षिणेतल्या होयसळ राजघराण्याकडे बोट दाखवले: होयसळ ते भोसल. वाट उलटी वाटते. आपल्याकडे भचा ह होतो, ‘भवति’चे प्राकृत ‘होइ’. हचा भ कसा व्हावा? पण कन्नडात जुना प पुढे ह झाला, दुधाचे ‘पाल्’ ‘हालु’ झाले. आणि शिलालेखांत होयसळांचे जुने रूप ‘पोय्सळ’ असेच आहे. तमिळ तर त्यांना आजही ‘पोसळर’ म्हणते. प आणि भ दोघेही ओठांतलेच. अडचण उरते ळची. ‘सकळ’, ‘केवळ’ सांभाळणाऱ्या मराठीने इथेच ळ का सोडला असावा? की ‘मागला’, ‘पुढला’ यांतला ‘ला’ लागून ‘भोसे गावचा तो भोसला’ झाला? पंढरपूर तालुक्यात भोसे आहे. पण तिथला माणूस ‘भोसेकर’ का झाला नाही, हे कोडे पुन्हा उरतेच.

माझा कल ढेऱ्यांकडे. गंमत अशी, की व्यंकोजीराजांबरोबर हे आडनाव तंजावरला गेले. तमिळ लिपीत भ नाही, म्हणून तिथे ते ‘पोन्स्ले’ असे लिहितात. ज्या पपासून निघाले असावे, त्याच पपाशी परत!

कोडे सुटो न सुटो, एवढे पक्के: २०२३ साली ज्या जिल्ह्याला संभाजीराजांचे नाव मिळाले, त्याच जिल्ह्यातल्या वेरूळला त्यांचे खापरपणजोबा बाबाजी भोसले पाटील होते.