वाळूवरचा बुळबुळीत थर

घाटंजीची वाघाडी नदी पावसाळ्यात काळ्या मातीने गढूळ होऊन वाहते. पुढे पाणी निवळते, ऊन तळापर्यंत पोहोचू लागते आणि दगडांवर हिरवट-तपकिरी, बुळबुळीत थर चढतो. ‘शेवाळ आहे, जपून पाय टाका,’ एवढे बोलून आपण पुढे जातो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यात एक अख्खी वस्ती दिसते. जीवाणू आधी दगडाला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडतात. त्या द्रव्यात शैवाले, आदिजीव आणि मातीचे कण अडकतात. या वस्तीला जैवपटल म्हणतात. घासून टाकावा असा वाटणारा हा थर माणसाने पाणी शुद्ध करण्याच्या कामाला लावला, तोही त्याची ओळख पटण्याच्या कितीतरी आधी. त्याचा हा इतिहास.

१८०४ मध्ये स्कॉटलंडमधील पेसली गावी जॉन गिब याने आपल्या कापड-धुलाईच्या कारखान्यासाठी नदीचे पाणी वाळूतून गाळले आणि उरलेले पाणी गावात विकले. १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सन याने लंडनच्या चेल्सी जलकंपनीसाठी थेम्स नदीच्या पाण्याची मोठी मंदगती वाळू-गाळणी बांधली. पाणी तासाला जेमतेम १०-२० सेंटिमीटर या संथ वेगाने वाळूतून खाली झिरपे. गाळणी म्हणजे चाळणी, तिच्यात कचरा अडकतो आणि पाणी नितळ होते, अशीच तेव्हाची समजूत होती.

ही समजूत १८८० नंतर डळमळली. रॉबर्ट कोख याने जीवाणू मोजण्याची पद्धत शोधली आणि तिच्या आधारे गाळलेले पाणी तपासता येऊ लागले. त्यात जीवाणू फारच थोडे आढळले. येथे एक कोडे उभे राहते. बारीक वाळूच्या कणांमधील फटी सुमारे २० मायक्रॉनच्या, तर जीवाणू एक-दोन मायक्रॉनचा. मोठ्या भोकांच्या चाळणीत मोहरी कशी अडकावी? शिवाय नवी, स्वच्छ वाळू हे काम करीत नाही. काही दिवस ते काही आठवडे पाणी वाहिल्यावरच गाळणी ‘पिकते’. याचे उत्तर वाळूवर जमणाऱ्या जैवपटलात आहे. जीवाणू त्या चिकट द्रव्याला चिकटतात, तेथील आदिजीव त्यांना खातात आणि सेंद्रिय द्रव्याचे विघटन होते.

या थराची खरी परीक्षा १८९२ मध्ये झाली. एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पिणाऱ्या हॅम्बुर्ग शहरात पटकीने सुमारे ८,६०० माणसे दगावली. शेजारचे आल्टोना तर हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला. त्या शहराची घाण मिसळल्यानंतरचे पाणी त्याच्या वाट्याला येई. तरीही आल्टोना बहुतांशी वाचले, कारण ते पाणी वाळूतून गाळून घेत होते.

पण पुढच्याच हिवाळ्यात, १८९३ च्या आरंभी, आल्टोनातही पटकीचा छोटा उद्रेक झाला. कडाक्याच्या थंडीत गाळणी साफ करताना वाळू गोठली आणि गाळणीचे काम बिघडले, असे कोखने दाखवून दिले. गाळणी जिवंत आहे, परिस्थिती बदलली की तिचे कामही बदलते, हा धडा माणसांचे प्राण गेल्यावर मिळाला.

विदर्भात बर्फाची भीती नाही, पण येथील अडचणी वेगळ्या आहेत. नागपुरात १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९७० च्या दशकात उष्ण प्रदेशासाठी या गाळण्यांचा अभ्यास केला. प्रात्यक्षिकासाठी निवडलेल्या गावांत नागपूर जिल्ह्यातील बोरुजवाडा होते. वीज नसल्यामुळे गाळणी मधूनच बंद ठेवून पुन्हा सुरू केली, तर पाण्याची जीवाणूदृष्ट्या प्रत घसरते, असे या कामात दिसून आले. कारण सोपे आहे. थरातील जीवांना लागणारा प्राणवायू आणि अन्न वाहत्या पाण्यातूनच मिळते. पाणी थांबले की त्यांचा श्वास कोंडतो. उपायही साधा निघाला. पंप बंद असला तरी खालची तोटी उघडी ठेवावी. वरचे पाणी हळूहळू उतरत राहते आणि थर जगतो.

उन्हाचेही तसेच. दिवसा शैवाले प्रकाशसंश्लेषणाने प्राणवायू सोडतात, रात्री तीच तो वापरतात. प्रखर ऊन आणि भरपूर क्षार मिळाले की शैवाले माजतात व गाळणी लवकर चोंदते. अशा वेळी सावली करावी लागते. पावसाळ्यात चिखल थरावर बसतो, म्हणून पाणी आधी निवळून घ्यावे लागते. प्रकाश, उष्णता, प्राणवायू, प्रवाह आणि गढूळपणा यांवर तो थर आपला राखणदार राहणार की नुसता अडथळा होणार, हे ठरते.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. एकाच ओढ्याचे पाणी दोन बरण्यांत घ्या, प्रत्येकीत काचेची एक पट्टी उभी ठेवा. एक बरणी खिडकीत उजेडात, दुसरी कपाटाच्या अंधारात. पंधरा दिवसांनी दोन्ही पट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. (हे पाणी पिऊ नये; नंतर हात साबणाने धुवावेत.) पाणी एकच असूनही वस्ती वेगळी का झाली, हा प्रश्न मुलांनाच विचारा. उत्तर शोधताना आल्टोनाची गोष्ट जरूर सांगा.