इंजिनात राहिलेलं अवजार आणि अहवाल वाचायची पद्धत

इतिहासाचं साधन म्हटलं की आपल्यासमोर मोडीतली दफ्तरं, ताम्रपट, फार तर जुनी वर्तमानपत्रं येतात. आज तुम्हाला एक वेगळंच साधन दाखवायचं आहे: विमान अपघाताचा तपास अहवाल. तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करायचा विचार असेल तर हे कधी ना कधी हातात येणारच. आणि ते वाचताना बहुतेक जण पहिल्याच पानावर एक चुकीचा प्रश्न विचारतात: "चूक कोणाची?"

विषय घेऊ देखभालीनंतर इंजिनात राहून गेलेल्या वस्तूंचा. विमानक्षेत्रात बाहेरच्या वस्तूमुळे होणाऱ्या नुकसानीला 'एफओडी' म्हणतात. जेट इंजिन समोरून प्रचंड हवा ओढतं. आत कॉम्प्रेसरची पाती एकामागून एक रांगांमध्ये वेगाने फिरत असतात आणि पाती व आवरण यांच्यातली फट अगदी कमी असते. त्यामुळे एखादा छोटा स्क्रूसुद्धा पात्यांचं मोठं नुकसान करू शकतो.

धावपट्टीवरचे खडे-माती रोखायला यंत्रातच उपाय करता येतो. मिग-२९ चं उदाहरण बघा. जमिनीवर असताना त्याच्या हवा घेण्याच्या मुख्य तोंडावर झडप बंद होते आणि हवा वरच्या फटींमधून आत जाते. भारतीय हवाई दलात ही विमानं १९८७ मध्ये आली, ती आपल्या पुण्यातल्या लोहगाव तळावर. पण झडपेच्या आत, माणसाच्या हातून राहिलेल्या वस्तूचं काय? तिथे झडप उपयोगी नाही. तिथे फक्त मोजणी उपयोगी पडते. काम सुरू करताना किती अवजारं घेतली आणि संपल्यावर किती परत आली, एवढंच. म्हणून हँगरमध्ये प्रत्येक अवजाराच्या आकाराची खाच किंवा रेखाकृती असलेले फळे आणि पेट्या असतात. पाना जागेवर नसला की रिकामी जागा लगेच दिसते.

आता तीन घटना शेजारी शेजारी ठेवू.

पहिली, मार्च २०२३, अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातला ल्यूक हवाई तळ. एफ-३५ चं इंजिन देखभालीसाठी जमिनीवरच चालवून पाहिलं गेलं. हवा घेण्याच्या तोंडात एक टॉर्च राहिली होती, ती आत ओढली गेली. कॉकपिटमध्ये काही वेगळं दिसलं नाही. इंजिन बंद करताना विचित्र आवाज आला तेव्हा कळलं. नुकसान सुमारे ३९ लाख डॉलर.

दुसरी, डिसेंबर २०२३, लॉस एंजेलिस. क्वांटासच्या एका ए-३८० विमानाच्या इंजिनाची बोरस्कोप तपासणी झाली, म्हणजे बारीक नळीच्या टोकाला असलेल्या कॅमेऱ्याने आतून पाहणी. त्यासाठी इंजिनाचा फिरता भाग हाताने फिरवावा लागतो. त्याकरता वापरलेलं १.२५ मीटर लांबीचं नायलॉनचं अवजार आतच राहिलं. ते १ जानेवारी २०२४ ला सापडलं. तोवर विमानाने ३४ उड्डाणं केली होती, जवळजवळ २९४ तास.

तिसरी, ऑक्टोबर २०२०, ब्रिस्बेन. जेटस्टारच्या ए-३२० चं इंजिन उड्डाणासाठी धावतानाच बिघडलं आणि वैमानिकांनी उड्डाण रद्द केलं. इंजिन उघडल्यावर आत स्क्रूड्रायव्हरचं टोक सापडलं. ते आधीच्या देखभालीत राहिलं होतं आणि त्यानंतर विमान शंभराहून जास्त वेळा उडालं होतं.

"चूक कोणाची?" हा प्रश्न या तिघांना विचारला तर तिन्ही वेळा एकच उत्तर मिळतं: कोणीतरी विसरलं. यावर एक परिच्छेद लिहून होईल, प्रबंधाचं प्रकरण नाही होणार. आता प्रश्न बदलून बघा. वस्तू जागेवर नाही हे नेमकं कधी कळू शकलं असतं आणि प्रत्यक्षात कधी कळलं? या दोन वेळांमधलं अंतर मोजायला लागलात की तिन्ही घटना एकदम वेगळ्या दिसतात. ल्यूकला इंजिन सुरू करण्याआधी अवजारं नीट मोजली असती तर टॉर्च तिथेच सापडली असती. क्वांटासच्या घटनेत तर हरवलेल्या अवजारासाठी ठरलेली कार्यपद्धत अस्तित्वात होती, पण विमान सेवेत सोडण्याआधी ती सुरूच झाली नाही. म्हणजे विसरणं एका क्षणात झालं, पण विमान सुटू देणं हा वेगळा निर्णय होता. नियम कागदावर असणं आणि पहाटेच्या घाईत तो पाळला जाणं यांच्यातली ही दरी. खरा इतिहास तिथे आहे.

दुसरी गोष्ट, अहवाल कशासाठी लिहिला गेला ते पाहा. शिकागो कराराच्या परिशिष्ट १३ नुसार नागरी विमान अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नाही. म्हणूनच अशा अहवालांत कामगारांची नावं सहसा नसतात. "नाव लपवलं, म्हणजे काहीतरी दडपलंय" असा निष्कर्ष काढू नका.

हेच किती महत्त्वाचं आहे ते कॉन्कॉर्डवरून कळेल. २५ जुलै २००० ला पॅरिसजवळ ते कोसळलं. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ असे ११३ जण गेले. थोड्याच वेळापूर्वी उडालेल्या कॉन्टिनेन्टलच्या डीसी-१० वरून सुमारे ४३ सेंटिमीटरची धातूची पट्टी धावपट्टीवर पडली होती. इंजिनाच्या आवरणावरची ही पट्टी काही आठवड्यांपूर्वीच देखभालीत बदलली होती, आणि फ्रेंच तपास संस्थेच्या मते ती निर्मात्याच्या पद्धतीप्रमाणे बसवलेली नव्हती. तिने कॉन्कॉर्डचं टायर फाटलं, टायरचा तुकडा इंधनटाकीखाली आदळला, आग लागली आणि डावीकडच्या दोन्ही इंजिनांची ताकद गेली. आता कोर्टाची कागदपत्रं बघा. २०१० मध्ये फ्रेंच न्यायालयाने कंपनीला आणि एका मेकॅनिकला दोषी ठरवलं. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने फौजदारी दोष रद्द केला. पट्टी तीच. तपास संस्था विचारते, "साखळी कशी घडली?" न्यायालय विचारतं, "गुन्हा सिद्ध होतो का?" ही दोन साधनं एकाच तळटीपेत कोंबली तर तुमचा युक्तिवाद व्हायव्हात टिकणार नाही. आणि ज्याला पुढे निर्दोष ठरवलं त्या माणसाला तुम्ही पुन्हा दोषी लिहून बसाल, ते वेगळंच.

तर पुढच्या वेळी कुठलाही अहवाल उघडलात, मग तो विमानाचा असो, गिरणीतल्या आगीचा असो की धरणाचा, समासात तीन ओळी लिहा. हा कागद कोणी, कशासाठी लिहिला? काय नाही हे कधी कळू शकलं असतं? ते कळल्यावर काम का थांबलं नाही? तिसऱ्या ओळीचं उत्तर अहवालात मिळालं नाही, तर तिथूनच तुमचा संशोधनप्रश्न सुरू होतो. सिनॉप्सिस लिहायला तिथून बसा.